बत्तीस अंशांचा पापुद्रा

अहो, "एसी बंद करा, एसी बंद करा" म्हणून घसा कोरडा केला मी, घसा! पण नाही, आमच्या मोठ्या साहेबांना उकडतं ना! तुम्हाला सांगतो, सात वर्षं खपून मॅडमनी आणि मी प्रयोगशाळेत एक पापुद्रा केलाय, प्लास्टिकचा, कागदाहून पातळ, अंगभर भोकं, पण डोळ्यांना दिसायची नाहीत इतकी बारीक! गार पडला की भोकं मिटतात, बत्तीस अंशांच्या वर गेला की उघडतात आणि पाणी सोडतात. आमचे सासरेही तसेच, गरम चहा पोटात गेल्याशिवाय तोंड उघडत नाहीत... त्यांना कुणी भंगारात काढलं का?

तर त्या दिवशी तपासणीला पाहुणे आलेले, टेबलावर पाण्यानं भरलेली डबी, आत आमचा पापुद्रा, खाली पाणी पडायला नळी, आज थेंब पडला नाही तर आमचं काम कायमचं बंद, आणि खोलीत किती? अठरा! पाणी तापवायची शेगडी कुठे? पाहुण्यांच्या कॉफीसाठी नेलेली! म्हटलं, "साहेब, एसी बंद करा!" तर म्हणतात, "तुम्ही मध्ये बोलू नका हो, पाहुणे घामाघूम झालेत!" आणि रिमोट गेला खिशात!

पाच मिनिटं... दहा मिनिटं... थेंब नाही. एक टकलू पाहुणा चष्मा वर करून म्हणतो, "हंऽऽ, चालत नाही वाटतं?" मॅडमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण डबीतून येईल तर शपथ! मग मात्र माझं टाळकं सटकलं. पापुद्र्याची ती स्टीलची डबी उचलली, शर्टाची बटणं काढली आणि घातली थेट काखेत!

"अहो, हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"एसी बंद करत नाही ना? नका करू! माझ्या अंगात सदतीस अंश आहेत, ते कुठल्या रिमोटनं बंद करता बघतो!"

डबी अशी बर्फगार की अंगावर सर्रकन काटा आला, पण हललो नाही. सगळे माझ्या काखेकडे टक लावून... आणि टप्! टप्, टप्, टप्... नळीतून पाणी, तेही साहेबांच्या बुटावर! मॅडम तर रडता रडता हसायला लागल्या.

काम वाचलं हो! पुढच्या महिन्यात आणखी मोठे पाहुणे येणार आहेत. म्हटलं, आता तरी एसी बंद करतील... कसलं काय! कालच साहेबांचं पत्र आलं: "प्रात्यक्षिकाच्या वेळी आपण हजर राहावे. अंगात थोडा ताप असल्यास उत्तम."