शेवटची शीट

फिल्म लॅबला न देता घरीच का धुतोस, असं परत आल्यापासून तुम्ही मला विचारताय, तर उवेकाकांचं ऐका.

ब्राउनश्वाइगला मी लताकाकू आणि त्यांचे जर्मन यजमान उवेकाका यांच्याकडे भाड्याने राहायचो. चाळीस वर्षांचं घर सोडून दोघं वृद्धाश्रमात निघाले होते. आदल्या दिवशी काकांच्या जुन्या, मोठ्या कॅमेऱ्यावर मी त्या दोघांचा दारातला फोटो काढला. पोस्टकार्डाएवढी फिल्मची शीट, आणि तीही शेवटची.

"लॅबला दे," काका म्हणाले.

"नाही काका, हा फोटो याच घरात धुवायचा," मी मोठ्या बाणेदारपणे सांगितलं.

उजेड लागला की फिल्म काळी पडते, म्हणून बिनखिडकीच्या बाथरूममध्ये मिट्ट काळोख करून मी डेव्हलपरच्या रसायनाच्या ट्रेमध्ये शीट हलवत बसलो. बाथरूमच्या दिव्याचं बटण तिथे दाराबाहेर असतं. आणि डिसेंबरात तिन्हीसांज चारलाच होते, हे मी विसरलो.

बाहेरून काकूंचा आवाज आला, "अहो, दिवेलागण झाली, घर असं अंधारात काय ठेवलंय?" एकेक बटण खट खट दाबत त्या बाथरूमच्या बटणापर्यंत आल्या आणि तेही दाबलं.

बघता बघता माझ्यासमोर शीट काळी ठिक्कर पडली. काकू दारात रडवेल्या झाल्या. "सवयीनं हात गेला रे."

काकांनी ती शीट दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिली.

"चाळीस वर्षं रोज संध्याकाळी ही असेच घरभर दिवे लावते," ते त्यांच्या सावकाश मराठीत म्हणाले. "आल्झो... म्हणजे, फोटो बरोबर आलाय."