दोन वाजताची पट्टी

…नाही गं, नाराज कशाला होऊ, बॉक्स परत आणलास, मी घेणार — फक्त अडॅप्टर कुठंय? नाही ना आणलास? सगळे असंच करतात. बॉक्स आणतात, रिमोट आणतात, रिमोटला लावलेली प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा आणतात, आणि अडॅप्टर राहतो भिंतीत. राहू दे, नको आणूस परत, तसल्या अडॅप्टरचं पोतं भरलंय माझ्याकडं. बस. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो, खुर्चीत बस. तू सोजरबाईंची सून ना, दिव्या? रेल्वे लाइनच्या कडेची गल्ली. तुझ्या लग्नाआधीपासून तुमच्याकडं या ज्योतीरामची केबल. वायर मी स्वतः ओढलेली, तुझ्या सासऱ्यांनी खाली शिडी धरलेली.

आता फायबर घेतलं म्हणतेस. घे की. मी कोण नको म्हणणार? केबलचं बिल वेगळं, नेटचं वेगळं, मोबाइलचं वेगळं, आणि बघायचं काय तर ते रडकं सासू-सुनेचं — खरंय तुझं, मी पण नसतं भरलं. बिल वाढलं की लोक मला शिव्या घालतात, जसं काय दर मीच ठरवतो. दर वरून येतात बाई. मी फक्त दारात उभा राहून ऐकून घेतो. अठ्ठावीस वर्षं ऐकून घेतलंय, आता कान बधिर झालेत.

सातशे घरं होती माझी दापोडीत, माहितेय? सातशे! गच्च्यांवरून गच्च्यांवर मांजरासारखा फिरायचो. आणि आपलं लोकल चॅनेल — हे काय, या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरूनच चालतं, कंट्रोल रूम म्हणायचं आणि त्याचा पंखा हा असा घरघरतोय. दुपारी सिनेमा, संध्याकाळी आरती, स्क्रीनच्या खाली सरकती पट्टी. कुणाचा वाढदिवस, कुणाची श्रद्धांजली, कुणाचं पाकीट हरवलं. एकदा तर आमच्या रंगराव पैलवानांचा साठीचा फोटो चुकून श्रद्धांजलीच्या फोल्डरमध्ये गेला — हसू नकोस — माणसं हार घेऊन त्यांच्या दारात, आणि पैलवान बनियनवर चहा पीत बसलेले. चार दिवस मी गल्ली बदलून जात होतो. पण बघत होते गं लोक. बघत होते म्हणून तर हार घेऊन गेले.

आता वरची कंपनी म्हणते, एवढ्याशा घरांसाठी लाइन ठेवणं परवडत नाही, महिनाअखेरीला बंद करा. तो काय, कागद तिथं पडलाय, पान्याखाली. सही केली नाही अजून. प्रज्वल, माझा मुलगा, रोज फोन करतो, बाबा, करून टाका सही, रावेतला या, आई इथं, तुम्ही तिथं एकटे, हे काय चाललंय? त्याला काय सांगतो मी — अरे दुकान कुणी बघायचं, लोकांच्या कंप्लेंटी असतात. कंप्लेंटी! सकाळपासून तू पहिलीच आलीस, आणि तू पण बॉक्स परत द्यायला.

सासूबाईंना सांगून आणलास ना बॉक्स? — न सांगता? देवळात गेल्यात तेवढ्यात काढून आणलास? अगं बाई, आता मला कशाला अडकवतेस, त्या इथं येऊन माझ्या नावानं शंख करतील. एवढं काय अडलंय त्यांचं केबलवाचून? तुमच्या नव्या टीव्हीवर सगळं दिसतं म्हणतेस ना? — काय? परत सांग. — पट्टी? कसली पट्टी?

दोन वाजताची?

थांब. थांब जरा. त्या ती पट्टी बघून गोळी घेतात? बीपीची? रोज? — 'दोन वाजले, गोळी घेतली का?' — हो, तीच. मीच टाकतो, दुसरं कोण टाकणार? आणि टीव्हीला उत्तर पण देतात? 'घेते रे बाबा' म्हणून? — अरे देवा. आणि शेजारच्या पण? त्यांना काय वाटतं, सरकारी आहे? दवाखान्याकडून येते? अगं कुठलं सरकार आणि कुठला दवाखाना, कुणाला पडलंय तुमच्या गोळीचं!

नाही, त्यांच्यासाठी नव्हती ती. कसं सांगू तुला — पाणी पितेस का? मीच पितो. ती आमच्या घरच्यांसाठी होती. प्रज्वलच्या आईसाठी. तिला मागच्या वर्षी लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी इथं दुकानात, ती दोन गल्ल्या सोडून घरात. फोन केला तर वाजत राहायचा, तिला डाव्या हातानं स्क्रीनवर बोट सरकवणं जमायचं नाही. पण वाचता येतं, सातवी शिकलीय. शेजारीण सकाळी आपलं चॅनेल लावून जायची. मग मी दोनला पट्टी टाकायचो. रात्री जाऊन गोळ्यांची डबी बघायचो तर त्या दिवसाच्या खणातली गोळी गेलेली. एक दिवस चुकली नाही. नाव? नाव कसं टाकणार? सगळ्या दापोडीला दिसतं ते, बायकोचं नाव पट्टीवर फिरवू? तिचं नाव मी घरातसुद्धा घेत नाही, पस्तीस वर्षं 'अगं ऐकलंस का' यावरच चाललंय. म्हणून नुसतंच टाकलं, गोळी घेतली का. आणि तुमच्या सगळ्या म्हाताऱ्यांना वाटलं आपल्यालाच विचारतोय कुणीतरी.

आता? आता ती रावेतला. दिवाळीत प्रज्वल घेऊन गेला, अकरावा मजला, चांगला मोठा टीव्ही, पण त्या सोसायटीत एकच फायबर चालतं, आपलं चॅनेल तिथं कुठून यायला. — हो, मग चार महिने पट्टी कशाला टाकतोय, बरोबर विचारलंस. हात जातो. दोन वाजले की हात जातो कीबोर्डवर, बाकी काही नाही.

जातो की मी तिकडं, दर रविवारी जातो. म्हणजे जात होतो. मागचे दोन रविवार जमलं नाही — दोन नाही, पाच. खोटं कशाला बोलू तुझ्याशी, तू माझ्या लेकीएवढी. जमत नाही असं नाही गं. समोर बसवत नाही. ती बघते माझ्याकडं. बोलता येत नाही ना, नुसती बघते, आणि मला ते बघणं सहन होत नाही. पट्टीला कसं, आपण लिहायचं आणि मोकळं व्हायचं. तोंड दाखवायला लागत नाही.

ज्या दिवशी तिला लकवा मारला ना, त्या दिवशी रविवार होता, मॅच होती. नेमकी तुमच्याच बाजूची लाइन गेली. मी गच्चीवर, वायर तोंडात धरलेली, आणि खिशात फोन नुसता कोकलतोय — ज्योतीराम, मॅच गेली, ज्योतीराम, शेवटच्या ओव्हर आहेत, काय झोपलास काय — मी न बघता कट करत होतो. एक आला की कट, दुसरा आला की कट. त्यात एक तिचा होता. तिचा पण कट केला मी. रात्री दवाखान्यात बघितलं, चार वाजून दहा मिनिटं, तिचं नाव. तेव्हा वाचा होती बहुतेक तिला. काय सांगायचं होतं कुणास ठाऊक, आता विचारलं तरी सांगता येत नाही. प्रज्वलला माहीत नाही हे. कुणालाच माहीत नाही. तुला कशाला सांगतोय मी, एक अडॅप्टर नाही आणलास तर.

आणि काल प्रज्वलचा फोन आला. म्हणाला, बाबा, महिना झाला, आई दुपारची गोळी घेत नाही. सुखदा, माझी सून, चांगली पोर आहे गं, पाणी घेऊन समोर बसते, तर ही तोंड मिटून घेते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर परत झटका येईल, आणि तो शेवटचा असेल. टीव्ही लावून दिला तर चित्राकडं बघत नाही म्हणाला, टीव्हीच्या खालच्या कडेकडं बघत बसते, तासभर, मग मान फिरवते. काय बघते बाबा ती तिथं? असं विचारलं त्यानं मला. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, बघतो रे, इथं जरा कंप्लेंट आलीय, नंतर बोलतो. आणि कट केला.

किती वाजले? सव्वा वाजला ना? तुझी महाळुंग्याच्या कंपनीची बस दोनला आहे, मग सेकंड शिफ्ट, रात्री येणार तू. म्हणजे दोनला सासूबाई घरात एकट्याच. नको, बॉक्स परत नेऊन उपयोग नाही, ठेव तिथंच बाकीच्यांवर. आज पट्टी नाही. मशीन बंद केलं की त्याचा हा पंखा पण थांबतो बघ — हा, थांबला. कधी ऐकली नव्हती एवढी शांतता इथं. तो कागद दे, पान्याखालचा, खिशात घालतो, सही तिकडं करीन. स्कूटरवरून दोनच्या आत रावेतला पोचतो, निगडीच्या सिग्नलला अडकलो नाही म्हणजे.

तू एक कर. बसमध्ये चढलीस की सासूबाईंना फोन लाव. जास्त काही बोलायला नको, गोळी घेतली का, एवढंच विचार. रोज विचार, कंटाळा करू नकोस. आणि पट्टी कुठं गेली म्हणून भांडायला लागल्या तर सांग त्यांना, ती ज्योतीरामच्या बायकोची होती. मंजुळाची. — हो, मंजुळा नाव आहे तिचं. ऊठ आता, शटर ओढायचंय मला.