डावी चाकं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार सखाराम साळवे साहेब, प्रमुख पाहुण्या करुणाताई, ज्यांच्या गळ्यात मघाशी माझ्या हातून हार वाकडा पडला ते माझे गुरू कडुबा मिस्त्री, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि लष्करातून बाद झालेल्या गाड्यांवर पोटच्या लेकरासारखी माया करणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सगळ्यांना राजेंद्रचा नमस्कार.

हार भावनेच्या भरात वाकडा पडला असं कुणाला वाटलं असेल, तर ते खोटं नाही. पण दुसरंही एक कारण आहे. बोलता बोलता येईलच ते. दाराजवळ बसलेल्यांना एक विनंती, बाहेर जीपचा आवाज आला की मला हात करा.

मिस्त्रींबद्दल मी काय सांगावं? लिलावातून आलेली गाडी कशी असते, हे तुम्ही जाणता. दिवे गायब, वायरी उंदरांनी खाल्लेल्या, सीटच्या जागी बाभळीचं रोपटं. आमच्या चिकलठाण्याच्या शेडमध्ये अशा कितीतरी गाड्या दोरखंडानं ओढत आल्या आणि स्वतःच्या चाकांवर गेल्या. करुणाताई तेव्हा परिवहन खात्यात होत्या. लष्करी हिरवा रंग खाजगी गाडीला चालत नाही, म्हणून त्यांनी आमची एक जीप तीनदा परत पाठवली. दर वेळी मिस्त्री रंग जरासा मातकट करायचे, आणि ताई म्हणायच्या, "मिस्त्री, हिरवा तो हिरवाच." चौथ्या वेळी मिस्त्रींनी ती पिवळीधमक करून नेली. ताई हसताहेत. मलाही हसायचंय, पण सहा वाजून दहा मिनिटं झालीत.

सांगूनच टाकतो. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या करणाऱ्या या माणसाकडं स्वतःची जीप नव्हती. आता शेड माझ्या हवाली करून ते बजाजनगरला लेकाकडं राहायला चाललेत. म्हणून शेडमागं पडलेली एक जुनी जीप आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी तयार केली. त्यांच्या गाडीला त्यांनीच हात लावायचा नाही, अशी अटही घातली. ती गाडी माझी लेक सायली चालवत आणतेय. शेजारी मिस्त्रींच्या घरच्या, भागूबाई, बसल्यात. सव्वापाचला निघाल्या. वाट अर्ध्या तासाची.

आणि मघाशी मी हार घालायला वाकलो, तर मिस्त्री माझ्या कानाशी म्हणाले, "डावी बघितली का रं?"

मी म्हणालो, "व्हय, बघितली."

मित्रहो, मला आठवत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या जुन्या जीपांच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. जगातला दुसरा कुठलाही नट ज्या बाजूनं आवळतो, त्या बाजूनं हा सुटतो. आज दुपारी मी उजवी दोन्ही चाकं आवळली, मागचं डावं आवळलं, पुढच्या डाव्याला पाना लावला आणि हारवाल्याचा फोन आला. त्यानंतर पाना फिरवला का, फिरवला तर कुणीकडं, काही म्हणजे काही आठवत नाही. "जाऊ द्या" मात्र मीच म्हणालो, ते चांगलं आठवतं.

सायली फोन उचलत नाही. गाडी हातात असताना उचलायचा नाही, हे मीच शिकवलंय. आमच्या शेडमधल्या सुदर्शनला मोटारसायकलवर त्या वाटेनं पिटाळलंय. मला भीती वाटतेय. हे भाषणात लिहिलेलं नव्हतं, तरी सांगतो.

कारण अध्यक्ष महोदय, ही चूक माझ्या हातून एकदा झालीय. सतरा वर्षांपूर्वी जालना रोडवर तुमच्या जीपचं पुढचं डावं चाक निघून गेलं. तुमचं मनगट मोडलं, ते अजून थंडीत ठणकतं. "नट मी आवळले व्हते," असं मिस्त्रींनी तुम्हाला सांगितलं. सहा वर्षं तुम्ही आमच्या शेडची पायरी चढला नाहीत. साहेब, मिस्त्री त्या दिवशी गावाला गेले होते. नट मी फिरवले होते. उलट्या बाजूनं जरासे फिरले, मला वाटलं बसले. माझं नाव सांगू नका, असं मी त्यांना म्हणालो नव्हतो. पण त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही गप्प राहिलो.

तेव्हापासून कुठलीही गाडी निघाली की मिस्त्री डाव्या बाजूला उकिडवे बसतात, एकेका नटाला हात लावतात आणि मगच म्हणतात, "जाऊ द्या." आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय आहे. ती माझ्यामुळं लागलेली सवय आहे.

साहेब काही म्हणताहेत... "म्हणजे सहा वर्षं भलत्याच माणसावर राग धरला मी." व्हय साहेब. भलत्याच माणसावर.

दाराशी हात वर झाला. आली? दोघी उतरल्या? धड आहेत ना? सायली, अगं कुठं होतात एवढा वेळ?... काय म्हणतेय ती? भागूबाईंना वाटेत बहिणीच्या दारी गाडी दाखवायची होती. तिथं चहा झाला. बरं झालं. चांगलं झालं. जरा पाणी देता का कुणी?

अजून एक गोष्ट सांगतो, मागच्या रांगेतून दिसली नसेल. गाडी दारात आली आणि मिस्त्री जागचे हलले नाहीत. सतरा वर्षांत असं झालेलं नाही. स्वतःच्या सत्काराला ते शालीखाली पाना घेऊन आलेत, आणि तो त्यांनी आत्ता टेबलावरून माझ्याकडं सरकवलाय.

याच गाडीतून त्यांना आज बजाजनगरला जायचंय. तेव्हा अध्यक्ष महोदय, भाषण इथंच सोडायची परवानगी द्या. तुम्ही सगळ्यांनी माझं हे वेडंवाकडं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. चाकात झालं असेल तर घालू नका. मी हात लावून बघतो, आणि मग आत येऊन मिस्त्रींना सांगतो, जाऊ द्या म्हणून.