खाडीपलीकडची जागा

(सन १९३२. रत्नागिरीजवळ खाडीकाठचं एक गाव. गुणाजी मास्तरांच्या घराची पडवी, दुपारची वेळ. शाळा बंद होऊन तेरा दिवस झालेत.)

गुणाजी : पोरांना आत्ताच घरी सोडलं. तू आणखी थोडा आधी आला असतास तर पाढे ऐकले असतेस.

आत्माराम : म्हणजे मास्तर, शाळा बंद केली तरी तुम्ही पडवीत वर्ग भरवताच आहात?

गुणाजी : बोर्डानं शाळा बंद केली. पोरं बंद केली नाहीत.

येसूबाई : सतरा पोरं हायत, आत्माराम. सकाळच्याला येतात नि माज्या सारवलेल्या पडवीची पार वाट लावतात. तू बस. पन्हं आणतंय.

आत्माराम : राहू दे काकी, बसा तुम्हीही. तुमच्यासमोरच बोलायचंय. मास्तर, मी तुमचा विद्यार्थी म्हणून नाही, शिक्षक संघाचा चिटणीस म्हणून आलोय.

गुणाजी : मी तुमच्या संघाचा सभासद नाही. तीन वेळा अर्ज घेऊन आलास, तिन्ही वेळा परत पाठवलं. भजनी मंडळ म्हटलं होतं मी तुम्हाला.

आत्माराम : सभेत कुणीतरी ते काढलंच. सगळे हसले. मग ठराव केला, सभासद असो वा नसो, ज्याची पेन्शन जवळ आली त्याची सोय आधी. मंदी सरेपर्यंत आणखी शाळा जाणार. तुमची अठ्ठावीस वर्षं झाली. आता नोकरीत खंड पडला तर सगळी पाण्यात.

गुणाजी : आणि बाळा मास्तराचं काय? त्याचीही शाळा गेली ना?

आत्माराम : त्याला लांज्याकडे जागा मिळवून दिली. तुमच्यासाठीही मिळालीय. पलीकडच्या काठावर, खाडी ओलांडली की शाळा. दुय्यम शिक्षकाची जागा. परवापर्यंत अर्ज पोचला पाहिजे.

गुणाजी : नको.

येसूबाई : ऐकलंस? इचार न्हाय, कायच न्हाय.

गुणाजी : या सतरा पोरांना कुणाच्या भरवशावर सोडू? मासे निवडायला बसवतील त्यांना.

आत्माराम : येताना भिवाशी बोललो. सकाळी तो होडी पलीकडे नेतोच. पोरांना नेतो म्हणाला, संध्याकाळी आणतोही. पोरं त्याच शाळेत जातील आणि तुम्ही त्यांच्याबरोबर.

गुणाजी : पावसाळ्यात?

आत्माराम : पावसाळ्यात होडी बंद, तेव्हा चार महिने वर्ग या काठावर भरवू द्या, असं लिहिलंय वर. अजून मंजुरी नाही. संघ मागे लागलाय. आणि या सतरांनी पलीकडचा पट वाढला, की तीही शाळा वाचेल. तिच्यावरही कुऱ्हाड होतीच.

गुणाजी : सगळं जुळवून आणलंयस.

आत्माराम : मी एकट्यानं नाही.

गुणाजी : तरीही नको, आत्माराम. दुसऱ्या कुणाला दे.

येसूबाई : आता खरं सांगा. पोरांची सोय झाली. आता अडतंय कुठं?

गुणाजी : कुठे काय?

येसूबाई : पलीकडं हेडमास्तर कोण हाय ते ठाव न्हाय मला? आपल्या गंगुबाय कोळणीची मथुरा. साऱ्या तालुक्यात एकच बाई हेडमास्तर. तिच्या हाताखाली जायला नको तुमाला.

गुणाजी : हाताखाली जायची लाज नाही गं मला.

येसूबाई : मग?

गुणाजी : तिला चौथीत पहिला नंबर मिळाला, तेव्हा गंगुबाई पेढे घेऊन आली होती. पुढे शिकवू का म्हणून विचारायला. मी म्हटलं, चौथी पुरे, टोपली उचलायला याहून जास्त कशाला हवं. पोरगी दारात उभी होती. तिनं ऐकलं. आता त्या पोरीसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू?

आत्माराम : मास्तर, ही जागा मथुराबाईंनीच तुमच्यासाठी मागितली.

गुणाजी : तिनं?

आत्माराम : हो. रत्नागिरीच्या सभेत उठून बोलल्या. म्हणाल्या, पहिलीचा वर्ग मास्तरांसारखा कुणी घेत नाही, मला मास्तरच हवेत.

गुणाजी : चौथीचं काही बोलली नाही?

आत्माराम : बोलल्या की. म्हणाल्या, त्या दिवशी मास्तर कडक बोलले, पण आठवड्यात मन बदललं त्यांचं. काकींच्या हाती पुढची पुस्तकं पाठवली, व्याकरणाचं, गणिताचं. पुढे सातवीच्या फायनल परीक्षेची फीसुद्धा. तेवढ्यावर मी शिकले, म्हणाल्या.

गुणाजी : मी पाठवली?

आत्माराम : असं त्या म्हणाल्या.

गुणाजी : येसू.

येसूबाई : काय?

गुणाजी : माझ्या ट्रंकेतली ट्रेनिंगची पुस्तकं. वाळवीनं खाल्ली म्हणाली होतीस.

येसूबाई : दोन खाल्ली होती. बाकीची मी दिली.

गुणाजी : आणि फी?

येसूबाई : आंबे इकले. पन्हं घेतोस का आत्माराम?

गुणाजी : थांब. तिला माझं नाव का सांगितलंस?

येसूबाई : माजं नाव सांगून काय उपेग? तिला मास्तरांचाच शबूद हवा होता. रोज रडायची घाटावर. मास्तर म्हनले शिक, येवढं ऐकलं नि डोळं पुसलं तिनं.

गुणाजी : सोळा वर्षं ती मला उगाच चांगला समजत आली.

येसूबाई : उगाच का? त्याच्या आदी चार वर्सं तिला शिकवलं ते कोनी? ते काय मी शिकवलं?

आत्माराम : मास्तर, अर्ज लिहून आणलाय. फक्त सही हवी.

गुणाजी : आण इकडे. थांब, इथे 'अनुभवी शिक्षक' लिहिलंयस ते खोड. नुसतं 'शिक्षक' ठेव. हं, झाली सही.

येसूबाई : देवा म्हाराजा.

आत्माराम : मग मी निघतो. भिवाला सांगतो, उद्यापासून पोरं येतील. मथुराबाईंना अर्ज मीच देऊ का?

गुणाजी : नको. उद्या मीच घेऊन जातो. तिला पुस्तकांचं खरं काय ते सांगायला हवं, आणि ते वर्गात शिरण्याआधी.

येसूबाई : सांगा की. ती काय खातेय का तुमाला?

गुणाजी : येसू, उद्या तूही चल होडीतून.

येसूबाई : मी? मी शाळंत येऊन काय करू?

गुणाजी : माझ्या शेजारी उभी राहा.