यादीतून सुटलेली वस्ती

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट सांगते, आठवलं की अजून लाज वाटते. सोनपेठला मी एका कचेरीत होते. आसपासच्या गावांचा मिळून नवा नकाशा करायचा होता. जुन्या नकाशात काय राहिलंय ते विचारायला बैठका घ्यायच्या होत्या, आणि कुणाला बोलवायचं ती यादी माझ्याकडे. मी जुना नकाशा समोर ठेवून एकूण एक गाव उतरवून काढलं.

साहेब खूश. "वा बाई, एकही सुटलं नाही!"

तेवढ्यात पाणी घेऊन आलेल्या गयाबाईनं विचारलं, "आमच्या वस्तीतून कोणाला बोलावलंय? सुनेचे दिवस भरत आलेत, अन् दवाखान्याचे जीपवाले म्हणतेत, नकाशात तिकडं रस्ताच न्हाई."

मी यादी पाहिली, नकाशा पाहिला. वस्ती कुठंच नव्हती.

साहेब म्हणाले, "नकाशातच नाही, तर बोलवणार कसं?"

गयाबाई म्हणाली, "अवो साहेब, काय राहिलंय ते इचारायलाच बैठक हाय ना? मग जे राहिलेत त्यायलाच सोडून कोणाला इचारायलाव?"

साहेबांनी पेला खाली ठेवला. मी यादी फाडली आणि म्हटलं, "बसा गयाबाई, आधी तुमची वाट सांगा."