भगवंत तांडेल हवेत

(शिरगावजवळचा वृद्धाश्रम. पलंगावर भगवंत तांडेल, एकेकाळचे होडीवाले. शेजारी परिचारिका स्नेहा, मदतनीस देवू आणि माणसाला झोळीत घालून उचलणारं नवं यंत्र.)

भगवंत : ऐकून ठेव स्नेहा! या भगवंत तांडेलाला वादलानं उचलला नाय, लाटेनं उचलला नाय. ह्यो लोखंडी बगला काय उचलतो!

स्नेहा : काका, आधी डावा पाय सरकवा. झोळीच्या पट्ट्यावर आलाय.

भगवंत : तोच तर हलत नाय.

देवू : मंग बगला लागलाच ना!

भगवंत : तू गप रे देवू. झोली कसली, जाला हाय हा. जलमभर मी मासं घातलं जाल्यात, आता तुमी मला घालता? तुमच्या त्या मेघालीला बोलाव. ती काखेत हात घालून उचलते. माणसाला माणसावानी.

स्नेहा : मेघाली येणार नाही.

भगवंत : का? सफाळ्याला लग्नाला गेलीय ना?

स्नेहा : ते आपलं तुम्हाला सांगायला. कंबर धरलीय तिची. आणखी एकदा कुणाला असं उचललं, तर हे काम सुटलंच म्हणाले डॉक्टर.

भगवंत : कुनाला उचलून झाला?

देवू : तुमालाच की. बाकीचं सगलं सुकं बोंबील हायत.

भगवंत : ...बोलली नाय कदी.

स्नेहा : तुम्ही मग उठायचंच सोडलं असतंत.

भगवंत : बरा. चला. पन हुकूम माझा. मी 'हैसा' बोललो का उचलायचा.

स्नेहा : हैसा नको! काल चादरीवरून वर सरकवताना देवूनं 'है'लाच ओढलं, मी 'सा'ला. तुम्ही पलंगावर आडवे.

देवू : आमच्या जव्हारच्या डोंगरात होडी कुठशी येल?

स्नेहा : काका, होडीवर हुकूम देणारे तांडेल किती असतात?

भगवंत : एकच. दोन झालं का होडी खडकावर.

स्नेहा : मग इथं कोण?

भगवंत : ...घाल जाला.

स्नेहा : हात छातीवर. आतच ठेवा. देवू, पट्टे ओढून बघ. खुर्चीचा ब्रेक लावलास? हं, उचलते.

देवू : उठलं! काका उठलं!

भगवंत : मेघालीला सांग, म्हातारा बसला जाल्यात. कंबर बरी झाली का ये म्हनावं.

स्नेहा : सांगते. हलू नका.

भगवंत : तांडेलबाई, एक इनंती हाय.

स्नेहा : बोला.

भगवंत : हात आत अडकलं. नाक खाजव जरा.