ओटीपी येईपर्यंत

नाही, अजून नाही आला. आला की टिंग वाजतं, तुलाही ऐकू येईल. बस तू. ऊन आहे तिकडे, अशी अलीकडे बस ओट्यावर. आणि कोंडीरामला फोनवर सांग, म्हणावं मोबाईल भाऊसाहेबांच्या मांडीवरच आहे, कोंबडी अंड्यावर बसते तसे बसलेत. आणि तिकडे सारखं सारखं ते बटण दाबू नका म्हणावं. एकदा दाबायचं आणि थांबायचं. तीस वर्षं मी त्याला सांगत आलो, घंटा एकदाच दे, तर हा दोनदा द्यायचा, आणि वर म्हणायचा, ‘भाऊसाहेब, पोरं लई बहिरी हायेत.’ पोरं बहिरी नव्हती, वर्गात कुणी शिकवायला नव्हतं, म्हणून झाडाखाली बसायची — जाऊ दे. फोनवरून सांगता आलं असतं म्हणतेस? आलं असतं की. पण मी फोनवर ओटीपी सांगत नाही. बँकेची ती बाई रोज सकाळी मला मेसेज पाठवते, ओटीपी कुणालाही सांगू नका. इतक्या आपुलकीनं मला दुसरं कुणी काही सांगत नाही, मग तिचं ऐकायला नको? म्हणून मग तुमचे सर माणूस पाठवतात. आज तुला पाठवलं.

तीन वर्षं झाली मला निवृत्त होऊन. शाल झाली, श्रीफळ झालं, प्राचार्यांचं भाषण झालं — ‘शामकांतराव म्हणजे या महाविद्यालयाचा आधारस्तंभ’. मी मनात म्हटलं, बोलायची पद्धत असते. पण नाही, खरंच निघालं ते! कॉलेजचा ई-मेल मी उघडला होता, त्या वेळी कुणाचा मोबाईल नंबर द्यायचा असा प्रश्न आला, प्राचार्य म्हणाले तुमचाच द्या, आणि अजून तोच आहे. नवा संगणक आला, ई-मेलनं विचारलं तू कोण, की तो ओटीपी या ओट्यावर येतो. स्तंभ काढला, आधार तसाच ठेवलाय.

नाव काय म्हणालीस? राजनंदिनी. एस. वाय. बी. एस्सी., गणित. बरं. रोज येतेस कुठून — पुणतांब्याहून? म्हणजे दोन एसट्या बदलून गणित शिकायला येतेस, आणि गणिताची कायम स्वरूपाची जागा कॉलेजात सहा वर्षं रिकामी. हे बरं आहे. घरी काय म्हणतात? ‘गणित करून काय करणार’ म्हणत असतील. सगळ्यांच्या घरी तेच म्हणतात. आणि कॉलेजात दरवर्षी ते करिअर मार्गदर्शन शिबिर होतं ना — मीच खुर्च्या मोजायचो त्याच्या — त्यात कोण येतं? भरती अकादमीचा माणूस येतो. तो सांगतो, रोज पाच किलोमीटर पळा. भौतिकशास्त्राच्या पोरांनाही पळा, गणिताच्या पोरांनाही पळा. एकदा एका पोरानं उठून विचारलं, सर, संशोधनात जायचं असेल तर? तर म्हणाला, त्यालाही तब्येत लागते. टाळ्या पडल्या.

बघू तो अर्ज. मोबाईलवर नको, प्रिंट काढलीस ना, ती दे. माझा चष्मा — सुनीती, चष्मा दे गं बाहेर, आणि चहा ठेव, मुलगी आली आहे कॉलेजातून. हां. उन्हाळी गणित शिबिर, चार आठवडे, राहणं-जेवण त्यांच्याकडे, प्रवासभाडं त्यांच्याकडे. पुढे एम. एस्सी.ला तिथंच जायची वाट. चांगलं आहे. चार गणितं सोडवून पाठवायची — पाठवलीस? चारही? तीन आणि एक अर्धं. बरं केलंस अर्धं पाठवलंस, खोटं पूर्ण नाही केलंस. आणि एक शिफारसपत्र, आज संध्याकाळी पाचपर्यंत. शिक्षकाच्या ई-मेलवर ते लिंक पाठवणार, शिक्षकानं ती उघडायची आणि लिहायचं. आणि तू कुणाचा ई-मेल दिलास? कॉलेजचा. कारण विभागप्रमुख म्हणाले. आणि विभागप्रमुख कोण? रसायनशास्त्राचे सर. गणिताची जागा रिकामी म्हणून गणिताचा कार्यभार रसायनाकडे. त्यांनी तुला कधी काही शिकवलं? पहिल्या वर्षी एकदा पर्यवेक्षक म्हणून आले होते. मग ठीक आहे, ओळख आहे.

आणि ते काय लिहिणार, सांगू? नाही, मला फोन नको करायला, मला पाठ आहे. ‘सदर विद्यार्थिनी नियमित, प्रामाणिक व आज्ञाधारक असून तिची वर्तणूक समाधानकारक आहे. तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.’ इंग्रजीत आहे, पण माल हाच. मला कसं ठाऊक? अगं, मीच लिहिलाय तो! बावीस वर्षं या कॉलेजातून जी शिफारसपत्रं गेली ती सगळी माझी. शिक्षक म्हणायचे, भाऊसाहेब, तुमचं इंग्रजी चांगलं, तुम्हीच टाईप करा. मी नाव बदलायचो, वर्ष बदलायचो, ते सही करायचे, मी शिक्का मारायचो. चांगला मजकूर होता. हसू नकोस. ‘आज्ञाधारक’ला जो शब्द मी शोधून काढला होता तो इथं तालुक्यात कुणी वापरत नव्हतं.

पण आता असं बघ — त्या संस्थेतला माणूस विचारतोय, या मुलीला गणित कसं सुचतं? आणि आपण सांगतोय, वर्तणूक समाधानकारक आहे. म्हणजे स्थळाची चौकशी करायला कुणी आलं, की मुलगी स्वयंपाक कसा करते, आणि आपण सांगावं, तुरुंगात गेलेली नाही.

एकदा काय झालं — तिघांनी अर्ज केला होता. अशाच शिबिराला, दुसऱ्या संस्थेच्या. अठरा वर्षं झाली. तेव्हा सगळं टपालानं. एकाच दिवशी तिघांची पत्रं मी टाईप केली, एकाच लिफाफ्यात टाकली. अकलेची कमाल बघ — एकाच लिफाफ्यात, एकाखाली एक, शब्दाला शब्द तेच. बिभीषण म्हणून एक मुलगा होता, त्याच्या पत्रात तर आधीच्या वर्षीच्या मुलीचं ‘तिची’ तसंच राहिलं होतं. तो आता दूध संकलन केंद्र चालवतो, अजून भेटला की म्हणतो, भाऊसाहेब, मी व्हय आज्ञाधारक मुलगी. तर दोघांचं काही उत्तर आलं नाही. तिसऱ्याचं आलं. त्या संस्थेतल्या प्राध्यापकाचं, हातानं सही केलेलं. काय लिहिलं होतं — एक गणित या मुलानं ज्या वाटेनं सोडवलंय ती वाट आम्ही इथं कुणी पाहिली नव्हती. आम्हाला तो हवा आहे. पण सोबतचं शिफारसपत्र छापील नमुन्यासारखं वाटतं, तिन्ही पत्रं सारखीच आहेत. ज्यानं त्याला प्रत्यक्ष शिकवलं अशा शिक्षकाकडून चार ओळी नव्यानं, पंधरा दिवसांत.

तपासणी समितीचा आठवडा होता तो. भिंतींना रंग, कुंड्या भाड्यानं, ग्रंथालयात पोरं बसवलेली. प्राचार्यांपुढे मी टपालाची चळत ठेवली, त्यांनी एकाही कागदाकडे न बघता सगळ्यांवर एकच शेरा मारला — ‘दफ्तरी दाखल’. म्हणजे फायलीत लावा, विषय संपला. प्राचार्यांचा शेरा, कारकुनानं काय करायचं? लावलं फायलीत.

चहा घे. गार होतोय.

वाचलं होतं का मी? — टपाल मी वाचूनच नोंदवतो. वाचल्याशिवाय आवक रजिस्टरला विषय काय लिहिणार? विषयही लिहिला होता व्यवस्थित. म्हटलं, समिती जाऊ दे, मग सांगू. समिती गेली, तर पाहुण्यांच्या जेवणाची बिलं. ती झाली, तर सोळावा दिवस. कामाचा रगाडा, दुसरं काय. आणि खरं सांगायचं तर — राग आला होता. छापील नमुना म्हणे! त्यांना काय ठाऊक मी तो मजकूर किती वेळा खोडून लिहिला होता. आणि तिन्ही सारखी कुठं होती? नव्हती सारखी. एकात मी दोन ओळी जास्त घातल्या होत्या, अगदी मनापासून — ‘विलक्षण बुद्धीचा’ वगैरे. सुहासच्या. सुहास म्हणजे माझा मुलगा. तो होता ना त्या तिघांत. हुशार होता, वर्गात पहिला यायचा. त्या संस्थेनं त्या दोन ओळीही वाचल्या नाहीत आणि सम्राटच्या त्या एका गणितावर —

साखर कमी आहे का चहात? सुनीतीचा हात आखडता आहे. सुहास काय, बरा आहे पुण्यात, विमा कंपनीत. चांगलं चाललंय.

अशी काय बघतेस? — नाव घेतलं का मी? एका गावात काय एकच सम्राट असतो? हो, तुझे सम्राट सर. तेच, तासिका तत्त्वावरचे. जून ते मार्च शिकवायचं, एप्रिलपासून तुम्ही कोण आणि आम्ही कोण. त्यांचे वडील कारखान्यावर काट्याजवळ ऊस उतरवायचे, आणि तो मुलगा वजनाच्या चिठ्ठ्यांच्या मागे गणितं करायचा, फीमाफीला पुरावा म्हणून त्यातली एक चिठ्ठी एकदा माझ्या टेबलावरही आली होती, मागे ही अशी आकडेमोड. मला कळली नाही. मला कळायचं कारण नाही. इथूनच एम. एस्सी. केलं त्यांनी, बाहेरून बसून, आणि आता चौदा वर्षं तासावर. तुला त्यांनीच हा अर्ज दाखवला ना? दर वर्षी कुणाला तरी दाखवतात. फलकाच्या काचेला कुलूप असतं आणि किल्ली हरवलेली असते, म्हणून खिशात घेऊन फिरतात.

ते पत्र? फायलीत काय शोधतेस आता. निवृत्तीच्या दिवशी मी घरी आणलं ते. कॉलेजची टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही मी, कुणालाही विचार. हे आणलं. श्रीफळाच्या पिशवीतून. का आणलं ते मला —

थांब. वाजला. दाखवत नाही, हात काढ. दहा मिनिटांत मरतो हा, मरू दे त्याला. तू ते तिसरं पान उलट. खालची ओळ वाच. ‘शिफारसकर्त्याचा ई-मेल बदलण्यासाठी’ — आहे ना? मुदतीपर्यंत बदलता येतो. तुझ्या मोबाईलवर उघड, तिथं सम्राट सरांचा टाक. तासिका तत्त्वावरचे चालत नाहीत असं कोण म्हणालं, रसायन? या कागदावर ‘कायम’ हा शब्द मला दाखव. शिक्का मागितलाय का? लेटरहेड मागितलंय? ‘तुम्हाला जवळून ओळखणारा शिक्षक’, एवढंच मागितलंय बिचाऱ्यांनी. अठरा वर्षांपूर्वीही एवढंच मागितलं होतं. टाक. दाब. गेला? लाव त्यांना फोन, घरीच असतील, एप्रिल आहे. नमुना कुणाला मागू नका म्हणावं. अर्ध्या गणिताबद्दल लिहा म्हणावं, अर्धं कुठं अडलं आणि का.

कोंडीराम? हां, बोल. नाही आला. नाही रे बाबा. नाही येणार आता. सरांना सांग, भाऊसाहेब म्हणाले नेटवर्क नाही. ठेव.

पावणेचार झाले, अजून इथंच काय? ऊठ. त्यांचा फोन लागत नाही? नाक्यावर जा, तिथं रेंज चांगली असते. आणि त्यांना म्हणावं — काही म्हणू नकोस. बरं, एवढं म्हण, भाऊसाहेबांनी बोलावलंय, संध्याकाळी येऊन जा. कशाला म्हणून विचारलं तर — विचारणार नाहीत ते. त्यांनी टाकलेल्या अर्जाचं काय झालं, हे मी निवृत्त होईपर्यंत पंधरा वर्षं माझ्या टेबलासमोरून रोज जाऊन एकदा विचारलं नाही.

जा. फाटक ओढून घे. कडी वरची.